मागच्या सीटवर कोणी बसत नाही

साडूने नवी गाडी घेतली त्या दिवशी माझ्या पोटात दुखायला लागलं, ते थेट पुढच्या चैत्रापर्यंत दुखत होतं. उगाच सभ्यपणाचा आव आणत नाही. जळलो मी. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. शाहपूरच्या आजूबाजूच्या बागांमधून केळी उचलायची, ट्रक भरायचे आणि बाहेर पाठवायचे हा त्याचा धंदा. मी बऱ्हाणपुरातल्या एका शाळेत वीसेक वर्षं गणित शिकवतोय. पोरांची त्रैराशिकं सोडवून माझे केस गेले, आणि हा पठ्ठ्या कॉलेज अर्धवट सोडून उंचच्या उंच, सात माणसांची गाडी दारात उभी करतो. कोणाचंही डोकं फिरेल.

आमच्या सासऱ्यांना मुलगा नाही, दोन मुलीच. त्यामुळे आम्हा दोघा जावयांचं त्या घरात फार कौतुक. सासर शाहपूरला, आणि दर वर्षी चैत्रात तिथून सगळ्यांनी मिळून इच्छापूरला इच्छादेवीच्या दर्शनाला जायचं हा त्या घराचा नेम. त्यात एक न बोलता ठरलेली गोष्ट अशी, की सासू-सासरे बसणार ते मोठ्या जावयाच्या गाडीत. माझं नवं लग्न झालं तेव्हा मी भाड्याची जीप केली होती. मग माझी छोटी पांढरी गाडी आली. तेव्हापासून सासरे पुढे माझ्या शेजारी, मागे सासूबाई, बायको आणि माझी मुलगी. साडू आपला मोटरसायकलवर, बायको-पोराला घेऊन आमच्या मागून. वर्षातल्या त्या एका दिवशी मी स्टिअरिंगवर असा बसायचो की विचारू नका. माझ्या अख्ख्या आयुष्यात माझ्या मागून कोणी येतं असा तेवढाच रस्ता होता.

गाडी घ्यायला त्याने सहा महिने लावले. दर महिन्याला सासऱ्यांना घेऊन कधी खंडव्याला, कधी थेट इंदूरला, या शोरूममधून त्या शोरूममध्ये. मी बायकोला म्हटलं, हा म्हातारबुवांना मस्का लावतोय. ती म्हणाली, तुम्ही कधी नेलंत त्यांना कुठे? मी वह्या तपासायला घेतल्या.

गाडी आली तेव्हा सासरच्या अंगणात पूजा झाली. सासूबाईंनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. सासरे पुढच्या सीटवर बसले, उतरले, पुन्हा बसले. सगळे हसत होते. मला ते बघवेना, म्हणून मी खाली बघितलं, आणि खाली ती चाकं होती.

अलॉयची चाकं मी काय पहिल्यांदा बघत नव्हतो. पण ही काळी होती, कडा चांदीसारख्या घासलेल्या, आणि मधून पाच दुहेरी काड्या निघालेल्या. माझ्या गाडीला लोखंडी रिमा, त्यावर प्लास्टिकची राखाडी झाकणं. त्यातलंही एक झाकण तापीच्या पुलावर उडून गेलेलं. म्हणजे तीन चाकं झाकलेली आणि चौथं उघडं. दोन्ही गाड्या अंगणात शेजारी उभ्या होत्या. माझी गाडी त्याच्या गाडीची मोलकरीण दिसत होती. हे वाक्य माझ्या मनात आलं तेव्हा अंगाचा नुसता तिळपापड झाला.

जेवणं झाल्यावर सगळे आत लवंडले. मी मुलीच्या दप्तरातली फूटपट्टी घेतली आणि अंगणात जाऊन साडूच्या गाडीपाशी उकिडवा बसलो. रिम मोजली. सोळा इंच. टायरवरचे आकडे मोबाइलमध्ये टिपून घेतले. बोटाने काड्या पुसून बघितल्या. मान वर केली तर ओट्यावर सासरे बसलेले, माझ्याकडेच बघत होते. मी चपलेचा बंद सारखा केल्यासारखं केलं. माझ्या चपलेला बंदच नव्हता.

परतताना मुलीने मागून विचारलं, या वर्षी देवीला जाताना आजोबा मौसाजींच्या गाडीत बसतील ना? तिला काय, सहज विचारलं तिने. माझ्या मात्र जिव्हारी लागलं. मी म्हटलं, अजिबात नाही, आजोबा आपल्याच गाडीत बसणार. बायको खिडकीबाहेर बघत होती. त्या रात्रीपासून मला दुसरं काही सुचेना. मोठी गाडी घेणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. चाकं होती.

शहराबाहेर इच्छापूर रोडवर एक टायर-रिमचं दुकान आहे. मालक म्हातारा, दाढी मेंदीने लाल, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारा. मी मोबाइलमधला फोटो त्याच्यापुढे धरला आणि म्हटलं, अशीच पाहिजेत. त्याने फोटो बघितला, माझी गाडी बघितली, आणि चहा मागवला. त्याच्या चहा मागवण्यातच मला कळलं की माणूस समजावणार आहे.

त्याचं म्हणणं असं होतं. त्या गाडीचं चाक पाच बोल्टांवर बसतं, तुमचं चार बोल्टांवर, तेव्हा तीच रिम विसरा. त्या नक्षीची चार बोल्टांची मिळते, पण तुमच्या गाडीला चौदाची आहे, फार तर पंधराची घ्या. रिम मोठी केली की टायर तेवढा बारका करायचा असतो, म्हणजे चाकाची एकूण उंची जिथल्या तिथे राहते. आणि मोठी रिम रुंद असते, ती बाहेरच्या अंगाला सरकते. उंचीही वाढली आणि चाक बाहेरही आलं, तर ते वरच्या पत्र्याला जाऊन लागणार. हे सगळं त्याने टेबलावर चहाचा ग्लास आणि बशी ठेवून दाखवलं. मी गणिताचा मास्तर. मला तो ग्लास-बशीने शिकवत होता याचाच राग आला.

मी त्याच्या बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर हिशोब मांडला. टायरची जाडी, रिमचा व्यास, जुनी उंची, नवी उंची. अगदी बारका टायर घेतला तर उंची जुळत होती. पण बारक्या टायरची रिम आपल्याकडच्या खड्ड्यात वाकते, असं तोच म्हणाला. त्याच्याहून जरा जाड टायर घेतला तर चाक सगळं मिळून दोन सेंटिमीटरपेक्षाही कमीने वाढत होतं. वर जाणार त्यातलं अर्धं. एक सेंटिमीटरही नाही. मी पेन आपटून म्हटलं, एवढ्याने काय होतं? सोळाचीच द्या.

सोळाचीच का, ते मी त्याला सांगितलं नाही. साडूची सोळाची होती, म्हणून.

त्याने चाकं चढवली. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवून बघितलं, मग दुसऱ्या बाजूला. कुठे लागत नव्हतं. माझं काळीज सुपाएवढं झालं. मग तो म्हणाला, आता माणसं बसवू. ही त्याची पद्धत होती. नवं चाक लावलं की गाडी भरायची. दुकानातले दोन फिटर, शेजारचा पंक्चरवाला आणि चहावाला, चौघांना गाडीत कोंबायचं आणि मग टायर आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये बोटं घालून बघायची. दोन बोटं आरामात शिरली तर चाक बसलं, नाही तर नाही. मागच्या पंधरा वर्षांत त्याने एकही गाडी त्याशिवाय सोडली नव्हती म्हणे.

समोर रस्त्यापलीकडे बसची वाट बघत माणसं उभी होती. त्यात माझ्या वर्गातल्या दोन पोरांचे बाप होते. चमकत्या काळ्या चाकांची माझी गाडी, आणि तिच्यात पंक्चरवाल्यासकट चार माणसं, शाहपूरच्या रिक्षात सवाऱ्या भरल्यासारखी. मला ते चित्र सहन होईना. साडूच्या गाडीत शोरूमवाल्याने कोणाला कोंबलं असेल का? मी म्हटलं, काही गरज नाही.

म्हाताऱ्याने विचारलं, "मास्तर, पीछे कौन बैठता है?"

"पीछे कोई नहीं बैठता," मी म्हटलं.

त्याने मागच्या काचेतून आत बघितलं. सीटवर मुलीचा हेअरबँड पडला होता, बायकोची ओढणी होती, सासूबाईंसाठी कायमची ठेवलेली उशी होती. त्याने ते सगळं बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मग फिटरांना हाताने नको म्हणून सांगितलं. गाडी तुमची आहे, एवढंच म्हणाला. जुनी चाकं दोरीने बांधून त्याने डिकीत टाकली.

पुढचे दोन आठवडे मजेत गेले. शाळेत मी एकटाच जातो. फाटकाशी गाडी अशी लावायची की चाकं रस्त्याकडे दिसतील. पी.टी.चे सर म्हणाले, क्या बात है. शिपायाने बोट लावून बघितलं. मी दर शनिवारी जुन्या बनियनने काड्या पुसायचो. एकदा बायको आणि मुलगी मागे बसल्या असताना गतिरोधकावर बारीकसा खर्र आवाज झाला. बायको म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, खडा असेल. तिने उतरल्यावर गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, आता आपली गाडी धाकटीच्या गाडीसारखी दिसते. तिने चांगल्या मनाने म्हटलं का टोमणा मारला, मला अजून कळलेलं नाही.

चैत्रातला दिवस उजाडला. आम्ही सकाळी शाहपूरला पोचलो तेव्हा साडूची गाडी आधीच अंगणात होती. मी मुद्दाम तिच्या शेजारी नेऊन लावली. साडू पुढे आला, खाली बसला, चाकाला हात लावला. म्हणाला, दादा, भारी आहेत हो, कुठून आणलीत? मी ऐटीत सांगितलं, आणि अगदी सहज म्हणून पुढे जोडलं, तुझ्यासारखीच आहेत की. त्याने वळून आपल्या गाडीकडे बघितलं, जणू पहिल्यांदाच. म्हणाला, हो का? मी लक्षच दिलं नाही, कंपनीतून आली तशी आहेत.

लक्षच दिलं नाही म्हणे! मी चार महिने ज्या चाकांची स्वप्नं बघितली ती या माणसाने बघितलीच नव्हती. तो खोटं बोलत असता तर बरं झालं असतं. पण त्याला खोटं बोलता येत नाही, आणि त्याची हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त सलते.

सासरे बाहेर आले. हातात काठी होती. काठी कधी घेतली, मी विचारलं नाही. माझं लक्ष एवढ्यावरच होतं की ते कोणत्या गाडीकडे वळतात. ते अंगणाच्या मध्ये क्षणभर थांबले आणि माझ्या गाडीकडे आले. जिंकलो! मी धावत जाऊन दार उघडलं. त्यांनी एक हात दारावर आणि एक टपावर ठेवला, वाकले, सीटवर जवळजवळ पडल्यासारखे बसले, आणि मग डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. मी साडूकडे बघत होतो. त्याने बघितलं का हे बघत होतो.

मागे सासूबाई, बायको, मुलगी. डिकीत ओटीचं सामान, नारळ, पुरणपोळ्यांचे डबे, पाण्याचा कॅन आणि देवळाबाहेर वाटायला केळीचे दोन घड. निघालो. मी पुढे, साडू मागून.

गावाबाहेरच्या पहिल्याच गतिरोधकावर खर्र झालं. बारीक नव्हतं या वेळी. पुढे रस्त्याचं काम चालू होतं, गाड्या कच्च्या वाटेने वळवल्या होत्या. तिथे तर प्रत्येक खड्ड्याला खर्र, खर्र. सासूबाई म्हणाल्या, काय घासून राह्यलं वो? मी म्हटलं, कुठे काय. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये घेतली, श्वास रोखून धरला, जणू माझ्या श्वासानेच वजन वाढत होतं. मागून ट्रकवाले हॉर्न देत होते. रबर जळल्याचा वास यायला लागला. शेवटी मुलगी म्हणाली, पप्पा, चाक घासतंय आपलं. मी गाडी कडेला घेतली.

मागच्या दोन्ही टायरांवर कडेला चकचकीत पट्टा उमटला होता. वरच्या पत्र्याची आतली कड चाकाने खरवडून काढली होती. मी हात घालायला गेलो. दोन बोटं सोडा, करंगळीचं नखसुद्धा शिरत नव्हतं.

साडू मागे थांबला होता. उतरून आला, वाकून बघितलं. हसला असता, काही टाकून बोलला असता, तर मी भांडलो तरी असतो. तो म्हणाला, मागे वजन झालंय दादा, काही नाही, मागच्या सगळ्या माझ्याकडे येऊ द्या, माझी शेवटची सीट रिकामीच आहे. त्याने स्वतः डबे उचलून नेले. सासूबाई गेल्या, मुलगी उड्या मारत गेली. बायको उतरली, घासलेल्या टायरकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मागे कोण बसतं हे दुकानदाराला सांगितलं होतं का तुम्ही?" तीही गेली.

सासरे अजून माझ्या शेजारच्या सीटवर होते. मला वाटलं, जाऊ दे, बाकी सगळं जाऊ दे, हे तर आहेत. मी खिडकीशी वाकून म्हटलं की बाबा, तुम्ही बसा, पुढच्या वजनाने काही होत नाही. खरंच होत नव्हतं. गणिताने बरोबर होतं.

त्यांनी काठी पायांशी उभी धरली. मग म्हणाले, "जावईबापू, मी पण तिकडे बसतो. चाकाचं काही नाही हो. माझा गुडघा वाकत नाही."

मी म्हटलं, कधीपासून? मूर्खासारखं विचारलं.

"दोन वर्षं झाली. तुमच्या गाडीत बसलो की उठताना डोळ्यासमोर अंधारी येते. पण मोठ्या जावयाचा मान असतो, म्हणून बसत होतो." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी फूटपट्टी घेऊन अंगणात बसलात, तेव्हाच मी बोलायला पाहिजे होतं. जुनी चाकं टाकली नाहीत ना?"

मी म्हटलं, घरी आहेत. गॅलरीत.

साडू न बोलावता आला. त्याच्या हातात लाकडी पाट होता. तो त्याने त्यांच्या पायाखाली सरकवला, एक हात काखेत घातला, दुसरा दाराच्या चौकटीवर धरला म्हणजे डोक्याला लागू नये. मोजून ठेवल्यासारखं सगळं. आपल्या गाडीच्या पुढच्या दाराशी त्याने पाट पुन्हा ठेवला. सासरे त्यावर उभे राहिले आणि खुर्चीवर टेकावं तसे सीटवर टेकले. गुडघा वाकवावा लागला नाही. तेव्हा मला कळलं की सहा महिने खंडवा आणि इंदूर कशासाठी चाललं होतं. प्रत्येक शोरूममध्ये तो त्यांना बसवून, उतरवून बघत होता. चाकांकडे बघायला त्याला वेळच कुठे होता? त्या क्षणी मी साडूवर जेवढा जळलो तेवढा त्या चाकांपायी कधीच जळलो नव्हतो.

मला वाटलं, आता पुढची सीट रिकामी झाली, बायको परत येईल. ती साडूच्या गाडीत शेवटच्या सीटवर डबे मांडीवर घेऊन बसली होती. काचेतून तिने माझ्याकडे बघितलं. ती आली नाही.

मी बाजूला झालो आणि साडूला हाताने खूण केली, तू हो पुढे. तो म्हणाला, "छे छे दादा, तुम्ही मोठे आहात. तुम्हीच पुढे चला."

म्हणून मी पुढे निघालो. इच्छापूरपर्यंत तीच कच्ची वाट होती, तेच खड्डे. आरशात मागची सीट दिसत होती, तिच्यावर सासूबाईंची उशी आणि मुलीचा हेअरबँड, आणि त्यांच्या पलीकडे काचेतून साडूची भरलेली गाडी. माझी गाडी एकदाही घासली नाही.